डाव्या गुडघ्यावरची शिवण

मेलेल्या माणसाला टाका टोचत नाही, असं रोएना टॉरबर्ट म्हणायची, आणि ते म्हणायचा तिला हक्क होता. तिने अकरा वर्षं शवपेट्यांना साटिनचं अस्तर शिवलं होतं. डेलावेअरच्या त्या सपाट मुलखात माणसांपेक्षा कोंबड्या जास्त आणि कोंबड्यांपेक्षा डास जास्त. तिथे बाईला शिवणकामाशिवाय दुसरं काम म्हणजे कोंबड्या सोलणं. तिचा नवरा हार्लन कोंबड्यांच्या कारखान्यात होताच. एका घरात एकाच्याच अंगाला तो वास पुरे, म्हणून ती शवपेट्यांकडे गेली. अस्तर चुकलं तर तक्रार करायला तिथे कोणी उठून बसत नाही, तरी ती चुकलेलं उसवायची आणि पुन्हा शिवायची. स्वभावाला औषध नसतं. याच स्वभावापायी पुढे तिची नोकरी गेली.

अडुसष्ट साली ती चंद्रावरच्या पोशाखांच्या कारखान्यात लागली. तिथे पहिल्याच दिवशी केल्सो नावाच्या तपासनिसाने नव्या बायकांना एका खोलीत नेलं. काचेच्या हंडीत पाण्याचा पेला ठेवला आणि हंडीतली हवा ओढून घेतली. पेल्यातलं पाणी विस्तवाशिवाय खदखदून उकळलं. "पोशाखाच्या रबराला भोक पडलं," केल्सो म्हणाला, "तर आतल्या माणसाच्या रक्ताचं हे होईल. आता कामाला लागा." केल्सो एवढंच बोलला. त्याला भाषण करता येत नसे, पण त्या पेल्यानंतर कुणाला भाषणाची गरजही वाटली नाही.

नऊ नंबरच्या टेबलावर अकरा बायका बसत. रबराच्या आतल्या पोशाखावर चढवायचं पांढरं आवरण त्या शिवायच्या. एकवीस थर, त्यातले बरेचसे कांद्याच्या पापुद्र्याइतके पातळ आणि चकचकीत, बोट लावलं की सटकणारे. ते धरून ठेवायला टाचण्या लागतच, आणि टाचणी हाच तर त्या जागेचा सगळ्यात मोठा शत्रू. म्हणून प्रत्येकीला मोजून तीस टाचण्या मिळत, प्रत्येकीच्या टाचण्यांच्या डोक्याचा रंग वेगळा. रोएनाच्या हिरव्या, तिच्या शेजारी बसणाऱ्या डॉट पासवॉटर्सच्या लाल. सकाळी मोजायच्या, संध्याकाळी मोजायच्या, मग मुकादमीण मिसेस हटसन कार्डावर सही करणार. रबराच्या पोशाखाचा क्ष-किरण फोटो निघायचा. वरच्या आवरणाचा काढायचा नियम नव्हता. तिथे सगळी भिस्त या मोजणीवर.

एखादीची टाचणी कमी भरली की दारं बंद. अकराच्या अकरा बायका गुडघ्यांवर, लोहचुंबक घेऊन जमीन धुंडाळणार. ती सापडेपर्यंत ना घर, ना जेवण. बायकांनी याला 'प्रार्थना' नाव ठेवलं होतं. "आज कुणाची प्रार्थना?" असं कोणी विचारलं की ज्या बाईची मोजणी चालू असेल ती आकडा विसरायची आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायची. घरी पोरं उपाशी, नवऱ्यांची तोंडं वाकडी, आणि दुसऱ्या दिवशी दहा जणी तुझ्याकडे बघणार.

माणूस म्हटलं की पळवाट आलीच. गावातल्या दोऱ्या-बटणांच्या दुकानात तसल्याच रंगीत डोक्यांच्या टाचण्या मिळत. एकेकीने आपापल्या रंगाची एक जास्तीची आणून ड्रॉवरच्या कागदाखाली ठेवली. कधी मोजणी एकाने कमी भरली, की ती गुपचूप तिसांत बसवायची, घरी जायचं, आणि हरवलेली सकाळी लवकर येऊन शोधायची. त्या टाचणीला त्या 'पाहुणी' म्हणत. सकाळी खरी सापडली की पाहुणी परत कागदाखाली. बहुतेक वेळा सापडायची. कारखाना एवढा काटेकोर, कार्डं एवढी नीटनेटकी, आणि त्या कार्डांवरचा तिसाचा आकडा असा. हे ठाऊक असलेल्या बायका रात्री झोपत कशा, असं कोणी विचारेल. दमलेली बाई कशीही झोपते.

रोएनाने तीन वर्षांत पाहुणी एकदाच बसवली.

तो एप्रिलमधला मंगळवार होता. स्ट्राउड नावाचा अंतराळवीर जुलैअखेर चंद्रावर जाणार होता, आणि त्याच्या वैयक्तिक वस्तूंसाठी रोएना एक छोटा कप्पा शिवत होती. प्रत्येक अंतराळवीराला ओंजळभर आठवणीच्या वस्तू न्यायची मुभा असे. स्ट्राउड मापं द्यायला आला तेव्हा त्याने हा कप्पा बोटभर जास्त खोल मागितला होता. नेब्रास्कातला शेतकऱ्याचा मुलगा, हात मोठे, आवाज हळू. "तुमची काही वस्तू नेऊ का?" असं त्याने टेबलावरच्या प्रत्येकीला विचारलं. बाकीच्या लाजल्या, हसल्या. रोएना म्हणाली, "आमचा पोशाख नेताय ना, तो परत आणा. आतल्या माणसासकट."

त्या मंगळवारी सुटीच्या वीस मिनिटं आधी निरोप आला की हार्लनचा हात यंत्रात सापडलाय, त्याला इस्पितळात नेलंय. तिने घाईघाईने टाचण्या मोजल्या. एकोणतीस. पुन्हा मोजल्या. एकोणतीसच. मिसेस हटसन दोन खुर्च्यांपलीकडे आली होती. प्रार्थना म्हणजे दोन तास, आणि तिकडे हार्लनचा हात. रोएनाने ड्रॉवर उघडला, कागदाखाली बोट घातलं, आणि तीस टाचण्या पुढे केल्या. मिसेस हटसनने सही केली.

हार्लनची दोन बोटं गेली, हात वाचला. दुसऱ्या दिवशी रोएना उजाडताच कामावर गेली, पण जमीन झाडून झाली होती आणि कप्पा तपासणीला गेला होता. तिने टेबलाच्या फटी पाहिल्या, स्वतःच्या स्वेटरच्या बाह्या उलट्या करून पाहिल्या. हिरवी टाचणी कुठे नव्हती. कचऱ्यात गेली असणार, असं तिने मनाला सांगितलं. आणि समजा, कप्प्याच्या अस्तरात राहिली असली, तरी कप्पा यानातल्या पेटीत राहणार. पेटीला कुठे रक्त असतं? या एका विचारावर तिने अकरा आठवडे काढले.

बाराव्या आठवड्यात, जेवणाच्या सुटीत, डॉटने सँडविच खाता खाता बातमी दिली. "तुझ्या कप्प्याची बढती झाली, ऐकलंस? स्ट्राउड म्हणतो, वस्तू यानात ठेवून काय उपयोग, चंद्रावर फिरून यायला हव्यात. आता तो कप्पा डाव्या मांडीवर बांधणारेत. पट्ट्यांनी घट्ट."

रोएनाने हातातला घास परत डब्यात ठेवला. मांडीवर घट्ट बांधलेला कप्पा म्हणजे खाली आवरण, आवरणाखाली रबर, रबराखाली माणूस. पोशाख महिन्यापूर्वीच फ्लोरिडाला गेला होता. यान सुटायला नऊ दिवस होते.

त्या संध्याकाळी गाड्या उभ्या करायच्या मैदानात तिने डॉटला गाठलं आणि सगळं सांगितलं. डॉट तिची सगळ्यात जुनी मैत्रीण. दोघी एकाच आठवड्यात लागलेल्या, एकाच चर्चच्या बाकावर बसणाऱ्या. डॉटला चार पोरं, आणि नवरा पाठीच्या दुखण्याने दोन वर्षं घरात बसलेला. घर तिच्या एकटीच्या सुईवर चाललेलं.

डॉटने ऐकून घेतलं आणि गाडीच्या दाराला पाठ टेकली. "तू गप्प बसायचं," ती म्हणाली.

"अगं, त्याच्या मांडीवर आहे ती."

"आहे की नाही, तुला माहीत नाही. कचऱ्यात गेली असेल. तूच म्हणालीस."

"आणि नसेल गेली तर?"

"रोएना, नीट ऐक. तू तोंड उघडलंस की केल्सो फक्त तुझा ड्रॉवर उघडणार नाही. अकराच्या अकरा उघडणार. तुझ्या एका टाचणीसाठी दहा घरांच्या चुलीत पाणी ओतणारेस तू?" डॉटचा आवाज बारीक झाला होता, चेहरा पिठासारखा पांढरा. "तुला पोरं नाहीत. तुला काय जातंय."

हे वाक्य रोएनाला लागलं. डॉटने ते मुद्दाम लागेलसंच फेकलं होतं. दोघी आपापल्या गाड्यांत बसून निघून गेल्या.

घरी हार्लन डाव्या हाताने बटाटे सोलत होता. तिने त्यालाही सांगितलं. त्याने हातातला बटाटा सोलून पातेल्यात टाकला. मग म्हणाला, "माझ्यासाठी धावत आलीस म्हणून झालं हे." ती म्हणाली, तसं नाही. तो म्हणाला, "तसंच आहे. आता माझ्यासाठीच गप्प बसू नकोस. मला त्या माणसाचं ओझं नको."

दुसऱ्या दिवशी कामाचा भोंगा व्हायच्या आधी रोएना मिसेस हटसनच्या खोलीत गेली. मिसेस हटसन साठीची, कडक, पांढरा कोट दुसऱ्या दिवशीही पहिल्या दिवसासारखा. रोएनाने उभ्या उभ्या सांगितलं. तारीख, वेळ, एकोणतीस, पाहुणी, कप्पा.

मिसेस हटसनने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "त्या कार्डावर सही माझी आहे," ती म्हणाली.

"हो, बाई."

"मला दोन वर्षांनी पेन्शन आहे."

"माहीत आहे, बाई."

"मी यातलं काही ऐकलेलं नाही. आता तू बाहेर जा, दार लाव, पुन्हा ठोठाव आणि आत येऊन मला दुसरं काहीतरी सांग. सुट्टी माग. दिवा चालत नाही म्हण. काहीही."

रोएना बाहेर गेली. दार लावलं. बाहेर बायका हजेरीच्या घड्याळात कार्डं घालत होत्या, हसत होत्या, एकीने तिला हात केला. तिला वाटलं, सुट्टीच मागावी. एक शब्द, आणि हे सगळं जसंच्या तसं राहील. मग तिला तो पेला दिसला, विस्तवाशिवाय उकळणारा. तिने दार ठोठावलं, आत गेली आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं, तारखेसकट.

मिसेस हटसनने फोन उचलला आणि केल्सोला बोलावलं. तिला वाईट बाई म्हणता येणार नाही. एकदा तिने वाट दाखवली, दुसऱ्या वेळी फोन केला. आपल्यातले पुष्कळ जण दुसऱ्यांदाही वाटच दाखवतील.

दुपारी केल्सोने नऊ नंबरच्या टेबलाचे ड्रॉवर उघडले. आवाज नाही, आरडाओरडा नाही. एकेक ड्रॉवर ओढायचा, कागद उचलायचा, टाचणी चिमटीत धरून पांढऱ्या ताटलीत टाकायची. टिक. टिक. अकरांपैकी नऊ ड्रॉवरमध्ये पाहुण्या निघाल्या. डॉटचा ड्रॉवर मात्र धुऊन पुसल्यासारखा स्वच्छ होता. तेव्हा रोएनाला त्यात काही वाटलं नाही. बायका भिंतीला लागून उभ्या होत्या आणि त्यांच्यातली एकही केल्सोकडे बघत नव्हती. सगळ्या रोएनाकडे बघत होत्या.

"मिसेस टॉरबर्ट," केल्सो म्हणाला, "कप्पा तुम्हीच शिवलात, उसवायचाही तुम्हीच. उद्या सकाळी विमान आहे."

ती त्याआधी कधी विमानात बसली नव्हती. पण त्या प्रवासातलं तिला पुढे काही आठवत नसे. आठवायची ती फक्त फ्लोरिडातली पांढरी खोली, डोक्याला टोपी, पायांत कापडी पिशव्या, आणि टेबलावर हातपाय पसरून निजवलेला तो पोशाख. तिला शवपेट्या आठवल्या आणि तिने तो विचार झटकून टाकला. स्ट्राउड स्वतः तिथे उभा होता. कप्प्यात त्याने वस्तू आधीच भरून पाहिल्या होत्या. त्याने त्या एकेक बाहेर काढून स्वतःच्या रुमालावर ठेवल्या. बापाच्या कामाच्या कपड्यांचं पितळी बटण. कागदात गुंडाळलेला मुलीचा दुधाचा दात. गव्हाच्या एका ओंबीचे दाणे, काचेच्या नळीत. तिच्याकडे तो बघत होता तेव्हा चेहऱ्यावर राग होता की दुसरं काही, हे तिला कळेना.

तिने कप्पा टाका टाका करत उसवला. चार माणसं वाकून बघत होती. अस्तर वेगळं केलं, प्रत्येक घडी उलगडली, चिमट्याने प्रत्येक शिवण उचकून पाहिली. मग केल्सोने चुंबक फिरवला. मग पुन्हा तिने पाहिलं.

टाचणी नव्हती.

खोलीत कोणी तरी घसा खाकरला. रोएनाला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. दहा घरांच्या चुलीत पाणी ओतलं ते कशासाठी, तर कचऱ्यात गेलेल्या टाचणीसाठी. डॉट म्हणालीच होती. कोणी तरी म्हणालं, चला, झालं, बाईंना परत पाठवा.

"झालं नाही," केल्सो म्हणाला. "नऊ ड्रॉवर. म्हणजे त्या टेबलावरच्या एकाही कार्डावर मी विश्वास ठेवू शकत नाही. पूर्ण आवरणाचा क्ष-किरण फोटो काढा. डोक्यापासून पायापर्यंत."

त्याला तीन तास लागले. रोएना बाहेरच्या बाकावर बसून राहिली. कॉफी कोणी दिली ती तशीच थंड झाली. तिसऱ्या तासाला केल्सो स्वतः बाहेर आला आणि नुसती मान हलवून तिला आत बोलावलं. दिव्यासमोर फोटो लावला होता. डाव्या गुडघ्यावरच्या जाड ठिगळात, थरांच्या आत, एक आडवी बारीक रेघ होती. अगदी सरळ. धागा एवढा सरळ कधी नसतो.

तिने ठिगळ उसवलं. अकराव्या आणि बाराव्या थराच्या मध्ये टाचणी होती, टोक खाली रबराकडे. तिने ती चिमट्याने ओढून काढली. डोकं लाल होतं.

"लाल कुणाची?" केल्सोने विचारलं.

रोएनाने टाचणीकडे पाहिलं. क्षणात तिला सगळं दिसलं. मैदानातला तो पिठासारखा चेहरा. धुऊन पुसलेला ड्रॉवर. 'तुला पोरं नाहीत, तुला काय जातंय.' डॉट गप्प बस म्हणाली ती दहा घरांसाठी नव्हे. डॉटचीही टाचणी हरवली होती, डॉटनेही पाहुणी बसवली होती, म्हणून तर तिचा ड्रॉवर रिकामा, आणि हे सगळं पोटात ठेवून ती इतके महिने शेजारी बसून सँडविच खात होती. रोएनाला असा राग आला की कानशिलं तापली. सांगून टाकावं. नाव सांगायचं, बस. नाही तरी कुणाचा रंग कोणता याची वही केल्सोकडे होतीच.

आणि मग तिला डॉटच्या घरातल्या जेवणाच्या टेबलाभोवतीच्या चार खुर्च्या आठवल्या, प्रत्येकीवर एकेक उशी, कारण पोरांचे हात ताटापर्यंत पोचत नसत.

"माझी," ती म्हणाली.

"तुमच्या हिरव्या."

"उसनी घेतली होती."

कुणी कोणता भाग शिवला याचं पोशाखाबरोबर आलेलं कार्ड केल्सोने उचललं. त्यावर डाव्या गुडघ्यासमोर कुणाची सही होती हे त्याला वाचता येत होतं आणि तिलाही. टेबलाच्या कडेवर त्याने ते कार्ड एकदा आपटलं, दोनदा आपटलं.

"नोकरी तुमची तशीही जाणार," तो हळूच म्हणाला. "मोजणी खोटी दिलीत. ती मला वाचवता येणार नाही."

"मी मागितली नाही."

"मला टाचणी हवी होती," केल्सो म्हणाला. "बाई नको होती." आणि त्याने अहवालात लिहिलं: एक टाचणी सापडली, टॉरबर्ट. रंग लिहिलाच नाही. मग त्याने विचारलं, "हा गुडघा पुन्हा शिवायला किती वेळ लागेल?"

"टाचण्यांनी दोन तास. टाचण्यांशिवाय पाच."

"मग पाच."

तिने एकवीस थर बोटांनी धरून शिवले. थर सटकत होते, बोटांची पेरं सुजली. स्ट्राउड मधल्या काळात दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा स्टूल ओढून बसला आणि शेवटपर्यंत हलला नाही. शेवटचा टाका घातल्यावर तिने दोरा तोडला आणि स्वतः होऊन म्हणाली, "आता फोटो काढा." फोटोत काही नव्हतं. स्ट्राउडने आपल्या वस्तू रुमालातून पुन्हा कप्प्यात ठेवल्या आणि म्हणाला, "तुम्ही आला नसतात तरी कुणाला कळलं नसतं, बाई." तिला वाटलं, याला सांगावं की मला कळलं असतं. पण ती इतकी थकली होती की नुसती मान हलवून उठली.

परत आल्यावर चौथ्या दिवशी तिला कामावरून काढलं. मिसेस हटसनला मुकादमी सोडून कोठारात बसवलं. बाकीच्या बायकांना नुसती ताकीद, कारण पुढच्या खेपेचे पोशाख व्हायचे होते आणि असे हात रस्त्यावर पडलेले नसतात. म्हणजे कुणाच्याच चुलीत पाणी पडलं नाही. पण गावाने ते लक्षात घ्यायचं कशाला? फ्लोरिडात टाचणी सापडली, ती रोएनाची, आणि एवढं करून हिने सगळ्यांचे ड्रॉवर उघडायला लावले, एवढीच गोष्ट गावात फिरली. दुकानात ती शिरली की बोलणं थांबायचं. रविवारी चर्चमध्ये डॉट दोन बाकं पुढे जाऊन बसली. रोएनाने खरं काय ते हार्लनलासुद्धा सांगितलं नाही. त्याला सांगितलं असतं तर तो एका हाताने का होईना, डॉटच्या दारावर धडका मारत गेला असता.

माणसं चंद्रावर उतरली तेव्हा शनिवारची सकाळ होती. चर्चच्या सभागृहात मोठा टीव्ही लावला होता आणि कारखान्यातल्या बायका पोराबाळांसकट जमल्या होत्या. रोएना जाणार नव्हती. हार्लनने तिचा कोट तिच्या हातात दिला. "तू शिवलंयस," तो म्हणाला. "तू इथे घरात लपून बघायचं आणि त्यांनी तिथे?" ती गेली. सभागृह भरलं होतं. जागा एकच रिकामी होती, डॉटच्या शेजारी, बहुधा डॉटच्या पोरांपैकी कुणाची तरी. रोएना तिथे बसली. डॉटने मान वळवली नाही.

डॉट त्या दिवशी फार बोलत होती. मागच्या बाकांनाही ऐकू जाईल असं. "तो डावा गुडघा बघा, तो माझा. ते जाड ठिगळ आहे ना, ते माझं. आम्ही कामं नीट केली, देवाची कृपा." मागून एक बाई म्हणाली, "सगळ्यांनी नाही केली," आणि दोघी-तिघी हसल्या. रोएना पडद्याकडे बघत राहिली. तिच्या जिभेच्या टोकावर एक रंग होता. तो एक शब्द तिने तिथे उच्चारला असता तर सभागृहातलं हसू जागच्या जागी गोठलं असतं. तिला तो उच्चारायची इच्छा होती, आणि ती लहानसहान नव्हती.

पडद्यावर स्ट्राउड करड्या उतारावरून उड्या मारत येत होता, हातात लांब चिमटा. एका दगडाशी थांबला. वाकायला गेला, पाय घसरला, आणि त्याचं सगळं वजन डाव्या गुडघ्यावर आदळलं. धूळ उडाली. तो तसाच राहिला, उठला नाही. ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्रातून कोणी तरी त्याचं नाव घेतलं. उत्तर आलं नाही.

पुढच्या बाकांवरची माणसं अर्धवट उठली. आणि रोएनाच्या मनगटावर एक हात येऊन आवळला. डॉटचा. डॉट पडद्याकडे बघत होती, तोंड उघडं, ओठ निळसर, आणि तिची नखं रोएनाच्या कातडीत रुतत होती. ह्यूस्टनने पुन्हा नाव घेतलं. डॉटच्या घशातून एक बारीक आवाज निघाला. तो फक्त शेजारणीला ऐकू जाण्याइतका होता.

रोएनाने तिला त्या अवस्थेत तीन श्वास ठेवलं. ते तिने मुद्दाम केलं, आणि पुढे कधी तिला त्याची लाज वाटली नाही. मग ती डॉटच्या कानाशी वाकली.

"श्वास घे," ती म्हणाली. "तिथे काही नाही. मी काढलीय ती."

डॉटची मान सावकाश वळली.

"लाल," रोएना म्हणाली. "अकराव्या थराखाली होती. गुडघा मी पुन्हा शिवलाय."

"कुणाला सांगितलंस?"

"माझी म्हणून सांगितलं."

पडद्यावरून खरखर आली आणि मग स्ट्राउडचा आवाज, दमलेला, हसरा. दगड चांगला आहे म्हणाला. तो चिमट्यावर भार देऊन उठला आणि सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. डॉट उभी राहिली नाही. तिने टाळ्याही वाजवल्या नाहीत, कारण आता तिचा दुसरा हातही रोएनाच्या मनगटावर होता.